आधी बोंझूर

फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या आमच्या बेकरीला पप्पांनी नियम घालून दिलाय: आत येणाऱ्याने आधी ‘बोंझूर’, म्हणजे नमस्कार, म्हणायचं, मग काय ते बोलायचं.

ती टूरिस्ट बाई धापा टाकत शिरली आणि थेट इंग्रजीतच सुरू झाली. वर मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मी दाराकडे बोट केलं. “बाहेर जा बाई, आणि बोंझूर म्हणत परत आत या. ही काय धर्मशाळा आहे?” रांगेतले लोक फिदीफिदी हसले.

ती ओशाळून बाहेर गेली. परत आली ती पप्पांना हाताला धरून. त्यांच्या पायात घरातल्या सपाता होत्या. मी तर त्यांना वरच्या खोलीत झोपवून आले होते.

तिच्याआधी पप्पांनीच माझ्यापुढे अदबीने मान लववली.

“बोंझूर, मादाम. इथे जवळच माझ्या मुलीची बेकरी आहे. रस्ता सांगाल?”