सात नंबरची खाट

सकाळचे अकरा. एक जण बसच्या काचा धूत होता. मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने घर काढलं होतं. तेवढं सोडून बाकी सगळं त्याने पुसलं.

मंडईच्या मागच्या दारात एक म्हातारी लसूण सोलत होती. पोत्यामागे मजुरी. पोतं संपत नव्हतं.

वाचनालयात कालचा पेपर उघडा धरून एक जण बसल्या बसल्या झोपला होता. ग्रंथपालाने पंख्याचा वेग वाढवला, पण त्याला उठवलं नाही.

चौथ्या मजल्यावर एक गवंडी स्वयंपाकघराच्या भिंतीला गिलावा करत होता. ते घर कुणाला मिळणार ते ठरायचं होतं. त्याला नाही, एवढं नक्की होतं.

एक शिंपी दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर मशीन मांडून शाळेच्या दप्तराला चेन बसवत होता.

अशी एकूण बत्तीस माणसं, शहरात बत्तीस ठिकाणी. आणि नगरपालिकेच्या रात्रनिवाऱ्यात, त्यांच्या बत्तीस रिकाम्या खाटांसमोर, निधी समिती उभी होती.

समिती म्हणजे दोघं. जाडजूड लेखाधिकारी आणि एक तरुण नगरसेविका. निवारा सकाळी आठला सामानासकट रिकामा व्हायला हवा, हा नियम नगरपालिकेचा. पाहणी कचेरीच्या वेळेत व्हायला हवी, हाही नगरपालिकेचाच. दोन्ही नियम बरीच वर्षं सुखाने नांदत होते. आज पहिल्यांदाच त्यांची गाठ पडली.

त्यात निवारा सांभाळणाऱ्या मावशी पडल्या हौशी. समिती येणार म्हणून पहाटेपासून कंबर कसलेली. फरशी अशी घासली होती की लेखाधिकारी दारातच जपून पाय टाकू लागले. चादरींवर सुरकुती औषधालाही नव्हती. उशा एका रेषेत. फिनेलचा वास नाकात जात होता. माणसाचा वास कुठेच नव्हता.

"इथे कुणी झोपतं असं काही वाटत नाही," लेखाधिकारी म्हणाले. "खरं सांगा मावशी, यातल्या किती खाटा वापरात आहेत?"

"सगळ्या."

त्यांनी रजिस्टर मागितलं. चार पानं उलटली. "हे सगळं एकाच हातचं आहे."

"मग किती हात असणार? लिहायला दुसरं माणूस दिलंय का तुम्ही?"

नगरसेविकेने हसू दाबलं. लेखाधिकाऱ्यांना मात्र हसू आलं नाही. "राग मानू नका. पण नगरपालिकेच्या नव्या वसाहतीचं काम पैशावाचून रखडत चाललंय. निवाऱ्याचा निधी तिकडे वळवला तर पुढच्या वर्षाअखेर लोकांना खरी घरं मिळतील."

"आणि तोवर? माणसं काय घडी करून कपाटात ठेवू?"

या बोलण्यासाठी फॉर्ममध्ये जागा नव्हती. 'खाटांचा वापर' असा एक रकाना होता. लेखाधिकाऱ्यांनी त्यावर पेन टेकवलं.

पहाटेपासून आपण जे घासूनपुसून काढलं ती बत्तीस माणसंच होती, हे मावशींच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी खाटांवरून एकवार नजर फिरवली. मग सहा खाटा ओलांडून त्या सातव्या खाटेशी गेल्या आणि सकाळी ताणून बसवलेली चादर त्यांनी एका हाताने ओढून काढली.

"साहेब, बूट काढा आणि झोपा इथे."

"काय?"

"झोपा म्हणते. दोन मिनिटं. दिवसाढवळ्या झोपायची तुम्हाला अगदीच सवय नाही, असं थोडंच आहे?"

आता नगरसेविका मोठ्याने हसली. त्या हसण्यामुळेच असेल, लेखाधिकारी बूट काढून आडवे झाले. गादीने त्यांना घेतलं आणि हळूच उजवीकडे कलंडवलं. खांदा एका खड्ड्यात बसला, कंबर दुसऱ्यात. गुडघे आपोआप पोटाशी आले. तोंड भिंतीकडे झालं. त्यांनी सरळ व्हायचा प्रयत्न केला. गादीने त्यांना परत तिथेच आणून ठेवलं.

"हा शिंपी," मावशी म्हणाल्या. "बायको गेल्यापासून असाच झोपतो. भिंतीकडे तोंड करून."

त्यांनी आठव्या खाटेची चादर काढली. "ही लसूण सोलणारी आजी. दमा आहे, आडवं होता येत नाही. रात्रभर बसून असते, म्हणून खड्डा एकच, उशीजवळ." मग नववी. "हा गवंडी. पालथा पडतो तो सकाळपर्यंत हलत नाही. तुमच्या त्या वसाहतीचा गिलावा हाच करतोय, ताई."

नगरसेविकेने नवव्या गादीच्या खड्ड्यात तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

लेखाधिकाऱ्यांना उठायला वेळ लागला. त्यांना कुणी घाई केली नाही. उठून बसल्यावर त्यांनी आधी बुटाच्या नाड्या बांधल्या, मग फॉर्म मांडीवर घेतला. रकान्यात लिहिलं: पूर्ण. खाली शेऱ्यात लिहिलं: निधी कायम ठेवावा. सही केली. नगरसेविकेनेही केली.

"बत्तीसही जण असे पाठ आहेत तुम्हाला?" दारात तिने विचारलं.

"झोपलेलं माणूस लक्षात राहतं, ताई," मावशी म्हणाल्या आणि चादरी घालायला परत फिरल्या.

निवाऱ्यातल्या जुन्या गाद्या ढेकणांनी भरल्या म्हणून मंगळवारी, म्हणजे पाहणीच्या दोन दिवस आधी, जाळून टाकल्या गेल्या, आणि त्याच दुपारी इस्पितळाने मोडीत काढलेल्या बत्तीस गाद्या, खड्ड्यांसकट, मावशींनी सही करून उतरवून घेतल्या.