इंजिनाच्या तारा

आजही तीन तारा वाकड्या बसल्या होत्या.

हेमाताईंनी गॅलरीतून खाली पाहिलं. मधुकरराव संध्याकाळच्या फेरीला निघून ठाकुर्ली स्टेशनच्या दिशेने वळले, तशी त्यांनी टेबलावरचा दिवा लावला, भिंग जवळ ओढलं आणि चिमटा उचलला.

टेबलावर दीड-दोन वीत लांबीचं प्लास्टिकचं विमान होतं. जुन्या काळातलं, नाकावर पंखा असलेलं लढाऊ विमान. मुलाने, अपूर्वने, परदेशातून त्याचे सुटे भाग खोक्यात घालून पाठवले होते. त्यातलं इंजिन मात्र मधुकररावांच्या पसंतीला उतरलं नाही. "याला इंजिन म्हणतात? ही तर चकली आहे," म्हणून त्यांनी सगळा तपशील घरीच बनवायला घेतला. टेलिफोनच्या जुन्या वायरीतलं तांबं, इंजेक्शनच्या सुया, अगरबत्तीच्या काड्या, जे मिळेल ते. अठरा सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग आणि प्रत्येक प्लगला एक तार. वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये जन्म काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर दुसरं सुचणार तरी काय?

ऑगस्टमध्ये ठाण्याला अशा मॉडेलांचं प्रदर्शन होतं. कट्ट्यावर त्यांनी सांगूनही टाकलं होतं, की इंजिन आपण स्वतःच्या हातांनी घडवणार.

आणि नेमका हातच थरथरू लागला होता. काठोकाठ भरलेला चहाचा कप ते ओट्यापासून गॅलरीपर्यंत आणत आणि बशीत थेंब पडत नसे. पण तार चिमट्यात आली की बोटं लटपटत. वय आधी बारीक कामातच दिसतं, अशी हेमाताईंनी स्वतःची समजूत घातली.

"अहो, डॉक्टरांना दाखवायचं का एकदा?"

"तू कुठे ऐकतेस डॉक्टरांचं?"

गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरून हेमाताईंचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, तरी बोटं आखडलेलीच राहिली. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू फ्रिजवर धूळ खात होता. "मी काय कुकुलं बाळ आहे, चेंडू दाबत बसायला?" असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला होता. त्या वर्षी गणपतीला मोदक दुकानातून आले. जिच्या मोदकांच्या कळ्या बघायला शेजारणी ताटाभोवती जमायच्या, ती बाई आरती संपेपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

आपला हात आपलं ऐकेनासा झाला की आत काय होतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. नवऱ्यावर ती वेळ येऊ द्यायची नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. आपण मागून सगळं नीट करून ठेवतो, हे त्याला कधीही कळता कामा नये.

सुरुवातीला धुराच्या जाड नळ्या वाकड्या असायच्या. त्या सरळ बसवताना हेमाताईंना घाम फुटायचा आणि चिमटा हातातून निसटायचा. मग प्लगच्या तारा बिघडू लागल्या. आता तर नट सैल होऊ नयेत म्हणून त्यांना बांधायच्या, केसाएवढ्या तारांचे पीळ विसकटलेले असत. दुखणं वाढत चाललंय हे त्यांना दिसत होतं. त्या मुकाट्याने पीळ सोडवत, पुन्हा घालत आणि चिमटा होता तिथे ठेवून कुकर लावायला जात.

दुसऱ्या दिवशी मधुकरराव भिंगातून बघत. "वा. काल हात बरा चालला म्हणायचा."

"चालणारच," हेमाताई भाजी निवडता निवडता म्हणत आणि मान वळवून हसत. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नवऱ्याला असं बेमालूम फसवण्यात इतका आनंद असतो हे त्यांना आत्ता कळत होतं. इंजिन सुरेख झालं होतं. आपणही त्यात आहोत याचा त्यांना मनातून फार अभिमान वाटत होता.

प्रदर्शनाच्या दिवशी टॅक्सीने ठाण्याला जाताना त्यांनी खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. पण वाटेतल्या खड्ड्यांना त्याचं काय? परीक्षक विमानाजवळ आले, मधुकररावांनी इंजिनावरचं झाकण काढलं, आणि वरच्या सिलिंडरची एक तार सुटून लोंबताना दिसली.

परीक्षक म्हणजे मुकुल नावाचा तरुण, विमानांची खरी इंजिनं दुरुस्त करणारा. भोवती बरीच गर्दी होती.

"काका, मी लावून देऊ?"

"नको," मधुकररावांनी खिशातून चिमटा काढला.

आता भर सभेत हात थरथरणार आणि एवढ्या दिवसांचं झाकलेलं उघडं पडणार. हेमाताई पुढे झाल्या. "अहो, राहू दे ना. लोकांना थांबवून कशाला?"

मधुकररावांनी ऐकलं नाही. भिंगसुद्धा न घेता ते वाकले. चिमट्यातली तार सरळ खाली गेली आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकात पहिल्याच फटक्यात बसली. हात जराही हलला नाही.

"या वयात असा हात," मुकुल म्हणाला.

"टूलरूमचा आहे. त्याला काय धाड भरलीय?"

हेमाताई नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

मुकुल टॉर्च लावून इंजिनाच्या आत पाहत होता. "पण हे नटांवरचे पीळ तर कमाल आहेत, काका. एकसारखे आणि इतके नाजूक. हे कसे जमवलेत?"

"ते माझे नाहीत," मधुकररावांनी चिमटा पुसून खिशात ठेवला आणि हेमाताईंचा उजवा हात धरून त्यांना पुढे आणलं. "हिचे आहेत. यंदा आमच्याकडे मोदकही घरचेच आहेत, या खायला."