जावेच्या गोळ्या

धाकट्या जावेला, लासियाला, हल्ली काही धरबंधच उरला नव्हता. गुडघा बरा झाल्यापासून रविवारी म्हाताऱ्यांच्या कवायतीत ती थेट पहिल्या ओळीत उभी राहून लचकायची. थोरली सुमिंतेन मागे बाकावर स्वतःचा गुडघा चोळत जळत बसायची. गावात गुडघेदुखीच्या नव्या औषधाची चाचणी चालली होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कुठली, ते शेवटी कळणार होतं. खरी लासियालाच मिळाली, याबद्दल सुमिंतेनला तिळमात्र शंका नव्हती. एका सकाळी तिने दोघींच्या बाटल्यांतल्या गोळ्यांची गुपचूप अदलाबदल केली. पंधरा दिवसांत तीही पहिल्या ओळीत आली.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगितला. दोन्ही गटांत बरे झालेले जवळपास सारखेच. जो थोडा फरक दिसतो तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, म्हणून औषध गुणकारी आहे असं म्हणता येत नाही. मग यादी वाचली. लासियाची गोळी खरी, सुमिंतेनची पिठाची.

"बाईंचं गणित चुकलं," सुमिंतेन जावेच्या कानाशी लागली. "तुझ्या गोळ्या मी खाल्ल्या. केव्हाच बदलल्या होत्या."

"ठाऊक आहे, ताई. मी चुलीपाशीच होते. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा परत जिथल्या तिथे भरल्या."

सुमिंतेनने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं.

"आतल्या गाठीची आहेस तू," ती म्हणाली. "आणि माझा गुडघा गोळीने नाही, तुझं हिसकावून घेतलं म्हणून बरा झाला."