पलीकडची कड

तिसरा लेपही वाळला, आणि कागदाच्या पलीकडच्या कडेला करड्या रेघा पुन्हा होत्याच. दोन आखूड, एक जरा लांब.

"वन्सं, या बघा तरी," चित्रकार बाईनं हाक मारली.

नणंद ओले हात पुसत आली, वाकली आणि लगेच सरळ झाली. "तुझ्याच हातात असेल काहीतरी. नाहीतर ती तुझी चित्र काढायची चांदीची सळई टेकली असेल."

बाईनं दोन्ही हात पुढे केले. मोकळे होते. कागदाला लेप द्यायला बसायचं तर अंगावर चांदीचा कणही नको, हा तिचाच नियम. साध्या कागदावर चांदी उमटत नाही. पण सरसात कालवलेली हाडांची राख एकदा कागदावर बसली, की चांदी नुसती घासली तरी रेघ उठते, आणि ती काही केल्या खोडता येत नाही. वर नवा लेप देऊन झाकायची, एवढंच. तेही तिनं दोनदा करून पाहिलं होतं.

नवऱ्याला तिनं हा नियम कानीकपाळी ओरडून सांगितला होता. पण पालथ्या घड्यावर पाणी! ती वाळलेला लेप घासून गुळगुळीत करायची, तेव्हा कागद सरकू नये म्हणून तो टेबलाच्या पलीकडे उभा राहून कड धरायचा, आणि त्याची चांदीची अंगठी तिथं रेघा ओढून ठेवायची. "काढतो हं," म्हणायचा आणि हसायचा. अंगठी बोटातून निघतच नव्हती, हे तिला शेवटच्या दिवशी कळलं. अंगठी त्याच्याबरोबरच गेली.

आणि आता तिला त्याचा चेहरा आठवत नव्हता. फोटो होते, पण फोटोतला माणूस भांग पाडून आलेला पाहुणा वाटायचा. तिला टेबलापलीकडचा तो हवा होता, "काढतो हं" म्हणणारा. जिवंतपणी दोन मिनिटं स्वस्थ बसला असता तर शपथ, म्हणून त्याचं एकही चित्र झालं नव्हतं. हा कागद त्याच्यासाठीच होता. पण आठवायला बसलं की नाकडोळे जास्तच पुसट व्हायचे.

"सोड तो कागद. दुसरा घे," नणंद म्हणाली.

"हा दुसराच आहे, वन्सं."

नणंद गॅसवर दूध आहे म्हणाली आणि गेली. दूध सकाळीच तापवून झालं होतं.

बाईनं पॉलिश पेपर घेतला आणि लेप घासायला सुरुवात केली. कागद टाचलेला नव्हता, तिनं डावा हातही टेकवला नव्हता. जोर लावला तरी तो जागचा हलला नाही. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, बाहेर कोणीतरी सायकलला हवा भरत होतं. ती घासत राहिली. हाताला सवय होती, तशी जिभेलाही होती.

"अहो, अंगठी," ती म्हणून गेली.

कागद सुटला. तिच्या हाताखालून सर्रकन घसरला आणि टेबलाच्या टोकाशी अडला. तिनं तो ओढून सरळ केला आणि वाट पाहिली. पलीकडच्या कडेला नवं काही उमटलं नाही.

मग अलीकडच्या कडेला, तिच्या मनगटाशेजारी, एक करडी रेघ सावकाश उठत गेली.

तिच्या मानेवरचे केस ताठ झाले. टेबलाच्या या बाजूला ती एकटीच बसली होती आणि खुर्चीमागे एका माणसापुरतीच जागा होती. वळायची तिला भयंकर भीती वाटली. पण त्याचा चेहरा आता हाताच्या अंतरावर होता.

तिनं चाचपडत चांदीची सळई उचलली.

"आता तरी हलू नका," ती म्हणाली, आणि मागे वळली.