चौथा तुकडा

आई गेल्यावर धाकटी बहीण म्हणाली, "दादा, तुझ्या फोनमधले आईचे मेसेज मला कागदावर काढून दे."

हे तर माझं ऑफिसातलं रोजचंच काम. फोनमधून उतरवलेल्या फाइलच्या प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, नाव आणि मेसेज, मधे कॉमा. प्रोग्रामने कॉमापाशी ओळ तोडायची आणि चौथा तुकडा उचलायचा. पाच मिनिटांत तीन वर्षांचे मेसेज निघाले.

तिने कागद चाळले. "सगळीकडे नुसतं 'जेवलास का'? आई एवढंच लिहायची तुला?"

"हो. रोज एवढंच."

"व्याकरण शिकवण्यात जन्म गेला तिचा. दोन-चार कॉमा दिल्याशिवाय तिचं वाक्य संपायचं नाही, दादा."

मी मूळ फाइल उघडली. पाचवा, सहावा, सातवा, पुढचे सगळे तुकडे तिथेच पडून होते. मी ते उचललेच नव्हते. शेवटच्या दिवशीचा मेसेज होता, "जेवलास का, छातीत सकाळपासून जड वाटतंय, सवड झाली की फोन कर."

त्याच्याखाली माझं उत्तर होतं. त्यात तोडण्यासारखं काहीच नव्हतं.

"जेवलो."