आतली कडी

"पंधरा मिनिटं," पोलीस अधिकारी कोचेवार म्हणाला. "त्यानंतर दार आम्ही उघडणार. आमच्या पद्धतीनं."

रोवीना माएस्तासनं मान हलवली आणि ती बाथरूमपाशी जमिनीवर बसली. दारासमोर नाही, बाजूच्या भिंतीला पाठ लावून. गोळी सुटली तर ती दारातून येणार, एवढं तिला कळत होतं. प्वेब्लो शहराच्या संकटपथकात ती अकरा वर्षं होती. पोलिसांसोबत जायचं, आणि बिथरलेल्या माणसाशी तो थाऱ्यावर येईपर्यंत बोलत राहायचं, हे तिचं काम. अंगावर गणवेश नाही, कमरेला हत्यार नाही.

आत ऑगी व्हिहिल होता. वय चौतीस. विसाव्या वर्षापासून त्याच्या कानात आवाज बोलत. रोवीना या घरी पाचव्यांदा आली होती. आधीच्या चारही वेळी ऑगी मुकाट्यानं तिच्याबरोबर गाडीत बसला होता. पण आज त्याच्याजवळ मेलेल्या बापाचं पिस्तूल होतं.

पोलिसांना बोलावलं होतं त्याच्या आईनं, लिओनानं. तिला आता मागच्या अंगणात नेऊन बसवलं होतं. ती रडत नव्हती की ओरडत नव्हती. रोवीना येताच तिनं दोन कागद तिच्या हातात ठेवले होते. ऑगीच्या गोळ्या, त्यांच्या वेळा, डॉक्टरांचं नाव, जवळच्या ट्रिनिडाद गावी राहणाऱ्या आपल्या बहिणीचा नंबर. "सगळं लिहिलंय बघ पोरी. बहिणीला सांगूनही ठेवलंय." मग कोचेवारकडे वळून म्हणाली होती, "ते पिस्तूल मात्र मला आजच परत हवं. नवऱ्याची आठवण आहे."

अशी आई हवी, असं रोवीनाला तेव्हा वाटलं होतं.

"ऑगी, मी रोवीना."

"माहितीय, मिस. तुमच्या बुटांचा आवाज ओळखतो मी."

"पिस्तूल कुठे आहे?"

"माझ्याजवळ. मी कुणाला काही करणार नाही. पण ती इथून जात नाही तोवर मी बाहेर येणार नाही."

"ऐकलंस?" कोचेवार हलक्या आवाजात म्हणाला. "आईवर डोळा आहे त्याचा." त्यानं मागच्या दोघांना खूण केली. एकानं दार फोडायचा लोखंडी ठोकळा उचलून आणला.

रोवीनानं त्या ठोकळ्याकडे पाहिलं. फुटलेली दारं तिनं पाहिली होती. त्यामागची माणसंही.

"ऑगी, आज आवाज काय म्हणतायत?"

"आज ते गप्प आहेत. आज मीच बोलतोय, तर कुणी ऐकत नाही."

"मी ऐकतेय."

"पहाटेपासून आईला सांगतोय, थांब. ती म्हणते, तुझं डोकं फिरलंय. पोलीस म्हणतात, डोकं फिरलंय. तुम्हीही तेच म्हणणार."

"मी अजून काहीच म्हटलेलं नाही रे."

आत काहीतरी जमिनीवर घासलं. मग दाराच्या फटीशी, अगदी तिच्या कानाजवळ, त्याचा आवाज आला. तो जमिनीवरच बसला असावा.

"मिस, मला दर वेळी जे विचारता ना, ते आज आईला विचारा."

रोवीनाची नजर समोर स्वयंपाकघरात गेली. ओटा लखलखीत पुसलेला. टेबलावर घेवड्याच्या उसळीचे चौदा डबे निवत ठेवलेले. प्रत्येक डब्यावर तारीख. दोन आठवड्यांचं जेवण, एका माणसाचं.

ती उठली.

"चार मिनिटं राहिलीत," कोचेवार म्हणाला. "कुठे निघालीस?"

"दाराला हात लावू नकोस."

"रोवीना, हे बघ..."

"हात लावू नकोस म्हटलं ना!"

अंगणात ऊन होतं. लिओना खुर्चीत ताठ बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. "आला का बाहेर?"

रोवीना तिच्यासमोर उकिडवी बसली. तो प्रश्न आडवळणानं विचारायचा नसतो. तिनं सरळ विचारला.

"मिसेस व्हिहिल, तुम्ही आज जीव द्यायचं ठरवलं होतं का?"

लिओनाच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. ती बाथरूमच्या धुरकट खिडकीकडे पाहत राहिली. काचेमागे काहीतरी पुसटसं हललं. पर्सवरची तिची बोटं हळूहळू सैल झाली.

"त्याला कसं कळलं?" ती म्हणाली.

मग ती जी रडायला लागली, ती थांबेना. नवरा गेल्यापासून झोप नाही, मुलावर लक्ष ठेवण्यात चौदा वर्षं काढली, आता अंगात बळ उरलं नाही, असं काहीबाही ती बोलत राहिली. रोवीनानं तिला धरून उठवलं आणि गाडीत बसवलं. गाडीचं दार लागल्याचा आवाज आल्यावरच बाथरूमची कडी निघाली. ऑगी हात वर करून बाहेर आला. पिस्तूल टबात होतं, टॉवेलात गुंडाळलेलं. कोचेवारचा हात सवयीनं बेड्यांकडे गेला आणि तिथेच थबकला.

"तिचं सगळं लक्ष माझ्यावर असतं," ऑगी रोवीनाला म्हणाला. "माझंही तिच्यावर असतं. एवढंच."

इस्पितळातली नर्स ऑगीला चांगली ओळखत होती. त्याला दारात पाहताच तिनं रुग्णाच्या मनगटावर बांधायची नावाची पट्टी काढली. "ये रे राजा, हात कर पुढे."

ऑगीनं आईचा हात धरून पुढे केला.

"आज हिला बांधा," तो म्हणाला. "मी सोबत आलोय."