आतल्या राखणदाराची राखण

बाटली गंगेने स्वतः आणली होती. तीस वर्षं नवऱ्याच्या बाटल्या फोडण्यात हयात घालवलेल्या बाईने भर दुपारी, रत्नागिरीच्या दवाखान्यात, वॉचमनला चुकवून तांदळाच्या पिशवीतून ती आत आणली आणि रघूच्या खाटेवर नारळाशेजारी मांडली.

रघूची नजर बाटलीवरून हलेना. दारू सोडून बावीस दिवस झाले होते.

सगळा घोटाळा डॉक्टर ऋजुताच्या चांगुलपणामुळे झाला. सकाळी तिने सोपं करून सांगितलं होतं. "काका, यकृतात काही पेशी कायमच्या वस्तीला असतात. आतड्याकडून आलेला जंतू वेशीवरच गिळतात. तुमच्या गावच्या राखणदार देवासारख्या. दारूने आतड्याचा गडगा ढासळला, जंतूंची रीघ लागली, राखणदार खवळला. आता तो राखायचं घरच जाळतोय. आणखी एक घोट घेतलात, तर माझ्या हातात काही नाही."

रघूने शेवटचं वाक्य ऐकलं. गंगा 'राखणदार खवळला' इथेच थांबली होती. खवळलेल्या राखणदाराला राखण म्हणून काय द्यायचं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. नारळ, विडी, बाटली, कोंबडा. कोंबडा वॉचमनने गेटावर अडवला होता.

"गंगे, मरेन मी."

"तुमाला कोन देतंय? त्याची हाय ती. तुमी निस्तं तोंड उघडा."

तिने पदर खोचला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुजी राखण द्यायची ऱ्हायली आसंल, ती आज गोड मानून घे, आनि ह्या घरावरचा राग सोड..."

"व्हय म्हाराजा!" शेजारचा हर्नियावाला गाऱ्हाण्याच्या सवयीने म्हणाला. पलीकडचे दोन सलाइनवालेही म्हणाले.

झाकण उघडलं. वास आला. रघूचा हात आपसूक पुढे सरकला. नको म्हणावं, तर 'आजपासून बंद' हे त्याने गंगेला इतक्यांदा सांगितलं होतं की ती आता त्यावर हसतसुद्धा नसे. बाटली ओठांपाशी आली.

रघूने डोळे फिरवले आणि अंगात आल्यासारखा खाट करकरेपर्यंत घुमायला लागला.

"कोन हायस?" गंगेने विचारलं.

"आतला!" रघू गरजला. "दारू नको! पेज दे!"

"कसली, म्हाराजा?"

"बिनमिठाची!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा वॉर्ड म्हणाला.

गंगेने बाटली बेसिनात उपडी केली आणि खाटेच्या पायाशी डोकं टेकवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने रघूच्या तोंडून निघालेल्या शब्दावर विश्वास ठेवला होता.